विश्लेषण : ‘वेस्टर्न’पटांतील बंदुका किती खऱ्या? पडद्यावरचा इतिहास कुठे चुकतो आणि कधी जिवावर बेततो?

धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी दुकाने, समोरासमोर उभे ठाकलेले दोघे आणि दोघांच्याही कमरेला रिव्हॉल्व्हर. हॉलिवूडच्या ‘वेस्टर्न’पटांनी हे दृश्य जगभरच्या प्रेक्षकांच्या मनावर कोरले. ‘शोले’सारख्या आपल्याकडच्या चित्रपटांवरही त्याची छाप पडली. या चित्रपटांत नायकाइतकाच मान त्याच्या बंदुकीला असतो. पण पडद्यावर दिसणाऱ्या बंदुका त्या काळातल्या असतात का? त्या तशाच वापरल्या जात होत्या का? आणि जुन्या बंदुकीची हुबेहूब प्रतिकृती पडद्यावर आणण्याच्या हौसेपायी २०२१ मध्ये एका छायालेखिकेला जीव कसा गमवावा लागला?

‘पीसमेकर’ म्हणजे नेमके काय?

वेस्टर्नपटांत सर्वाधिक दिसणारे रिव्हॉल्व्हर म्हणजे कोल्ट कंपनीचे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’. ‘पीसमेकर’, म्हणजे शांतता प्रस्थापित करणारे, हे त्याचे लोकप्रिय नाव. अमेरिकी लष्कराने ते १८७३ मध्ये स्वीकारले. कंपनीचे संस्थापक सॅम्युअल कोल्ट यांचे त्याआधीच, १८६२ मध्ये निधन झाले होते. त्यामुळे त्यांच्या नावाने अजरामर झालेले हे शस्त्र त्यांनी स्वतः कधी पाहिलेच नाही.

त्यापूर्वीची कोल्टची रिव्हॉल्व्हर ठासणीची होती. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात दारू भरायची, त्यावर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि मागच्या बाजूला पेटवणारी टोपी लावायची. सहा गोळ्या भरायला काही मिनिटे लागत. धातूची तयार काडतुसे मागून भरता येतील अशा आरपार कप्प्यांच्या सिलिंडरचे पेटंट स्मिथ अँड वेसन या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात होते. त्याची मुदत १८६९ मध्ये संपली आणि कोल्टचा मार्ग मोकळा झाला.

‘सिंगल ॲक्शन’ याचा अर्थ प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. नुसता चाप दाबून काही होत नाही. काडतुसे बाजूच्या छोट्या झडपेतून एकेक करून भरावी लागतात आणि रिकामी झालेली पुंगळीही दांडीने ढकलून एकेक करूनच काढावी लागते. घोड्यावर बसून, समोरून गोळ्या येत असताना हे काम किती अवघड असेल, याची कल्पना करता येते. पडद्यावर मात्र नायकाचे रिव्हॉल्व्हर क्वचितच रिकामे होते.

आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. या रिव्हॉल्व्हरचा घोडा खाली असताना त्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडाला टेकते. शस्त्र हातातून पडले किंवा घोड्यावर आघात झाला तर गोळी सुटू शकते. त्यामुळे जाणकार मंडळी सहा कप्प्यांत पाचच काडतुसे भरत आणि घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवत. पुढे येणाऱ्या दुर्घटनेच्या संदर्भात हा तपशील लक्षात ठेवावा लागेल.

विंचेस्टर रायफलीबाबत गफलत का होते?

‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ अशी जाहिरात झालेली रायफल म्हणजे विंचेस्टरचे १८७३ चे मॉडेल. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत सरकते. तिची ०.४४ इंची काडतुसे वापरता येतील अशी रिव्हॉल्व्हर कोल्टनेही पुढे बाजारात आणली. कमरेच्या पट्ट्यातले एकच काडतूस दोन्ही शस्त्रांना चालणे, ही वस्तीपासून दूर राहणाऱ्यांसाठी मोठी सोय होती. या मॉडेलच्या सात लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या.

अँथनी मान दिग्दर्शित ‘विंचेस्टर ’७३’ (१९५०) हा चित्रपट तर या रायफलीभोवतीच फिरतो. कंपनी कारखान्यातल्या अत्यंत अचूक नळ्या निवडून ‘हजारात एक’ असा शिक्का असलेल्या खास रायफली बनवत असे. त्यातली एक जेम्स स्ट्युअर्टचा नायक नेमबाजीच्या स्पर्धेत जिंकतो, ती चोरीला जाते आणि हातोहात फिरत राहते. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी युनिव्हर्सल स्टुडिओने अशा उरलेल्या खऱ्या रायफलींचा शोध घेण्याची मोहीमच राबवली होती.

पण हा अपवाद. बहुतांश वेस्टर्नपटांत, कथानक १८७० किंवा १८८० च्या दशकातले असले तरी पात्रांच्या हाती असते ती १८९२ च्या मॉडेलची विंचेस्टर. ही रायफल जॉन ब्राउनिंग यांनी रचली. ‘स्टेजकोच’ (१९३९) मध्ये जॉन वेन मोठ्या कडीची रायफल एका हाताने गरकन फिरवतो, ते त्याचे पडद्यावरचे गाजलेले आगमन. तीही याच मॉडेलची. म्हणजे कथानकाच्या काळात ती अस्तित्वातच नव्हती. काही चित्रपटांत तर याच रायफलीच्या नळीखालची लाकडी पकड काढून ती १८६० ची ‘हेन्री’ म्हणून खपवली गेली.

स्टुडिओंनी ही विसंगती का चालवून घेतली?

यामागे अज्ञानापेक्षा व्यवहार अधिक होता. १८९२ च्या मॉडेलचे उत्पादन विसाव्या शतकातही दीर्घकाळ सुरू होते आणि दहा लाखांहून अधिक रायफली बाजारात आल्या होत्या. त्या स्वस्त, दणकट आणि सहज मिळणाऱ्या होत्या. १८७३ च्या मूळ रायफली तोवर जुन्या झालेल्या होत्या.

दुसरे कारण काडतुसांचे. हॉलिवूडने ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचे ब्लँक काडतूस वापरात आणले. ब्लँक म्हणजे ज्यात दारू असते, पण पुढे गोळी नसते. हे एकच काडतूस तीन वेगवेगळ्या मापांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणि दोन मापांच्या रायफलीत चालत असे. दिवसभरात शेकडो बार उडवायचे असताना कोणत्या बंदुकीत कोणते काडतूस, हा घोळच उरला नाही. ‘स्टेम्ब्रिज गन रेंटल्स’सारख्या कंपन्या स्टुडिओंना बंदुका भाड्याने देत. त्यामुळे एकच रायफल आज एका चित्रपटात शेरीफच्या हाती, तर उद्या दुसऱ्या चित्रपटात दरोडेखोराच्या हाती दिसे.

थोडक्यात, पडद्यावरचा ‘इतिहास’ बऱ्याचदा भाड्याच्या गोदामात काय उपलब्ध आहे, यावर ठरत होता.

झटक्यात बंदूक उपसण्याची द्वंद्वे खरी होती का?

फारशी नाही. भर दुपारी रस्त्याच्या मधोमध उभे राहून, समोरच्याने हात हलवण्याची वाट पाहणारी द्वंद्वे प्रत्यक्षात अत्यंत विरळ होती. त्या काळातले होल्स्टर खोल असे. रिव्हॉल्व्हर पडू नये आणि धुळीपासून वाचावे, हा त्याचा हेतू. मांडीवर खाली बांधलेले, आतून पोलादी पत्रा लावलेले, झटकन शस्त्र बाहेर येईल असे होल्स्टर ही १९५० च्या दशकातल्या हॉलिवूडची देणगी. अभिनेत्यांना बंदूक उपसण्याचे धडे देणारे आर्व्हो ओयाला यांनी त्याचे पेटंट घेतले होते. ‘गनस्मोक’ या मालिकेच्या सुरुवातीला मार्शल डिलनच्या गोळीला बळी पडणारा माणूस म्हणजे हेच ओयाला.

वेस्टर्नपटांनी झाकलेली आणखी एक गोष्ट म्हणजे धूर. धूरविरहित दारूचा शोध फ्रान्समध्ये १८८४ मध्ये लागला. त्याआधीच्या काळ्या दारूने दोन-चार बार झाले की दाट पांढरा धूर पसरे आणि बंद खोलीत तर समोरचा माणूसही दिसेनासा होई. पडद्यावर असा धूर दाखवला तर प्रेक्षकाला नट दिसणार कसा?

२६ ऑक्टोबर १८८१ रोजी ॲरिझोनातील टूमस्टोन येथे झालेली ‘ओके कोराल’ची चकमक अनेक चित्रपटांचा विषय ठरली. प्रत्यक्षात ती कोरालमध्ये नव्हे, तर जवळच्या एका छायाचित्रकाराच्या स्टुडिओशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत झाली. दोन्ही बाजू एकमेकांपासून हातभर अंतरावर म्हणाव्यात इतक्या जवळ होत्या. सुमारे ३० सेकंदांत सुमारे ३० गोळ्या झाडल्या गेल्या आणि तिघे ठार झाले. त्यातल्या एकाचा जीव डॉक हॉलिडेच्या हातातल्या छऱ्याच्या बंदुकीने घेतला. चित्रपटांत मात्र हाच प्रसंग कित्येक मिनिटे चालतो.

सगळ्यांकडेच नव्या बंदुका होत्या का?

चित्रपट पाहून तसे वाटते. वस्तुस्थिती निराळी होती. शेतकरी आणि वसाहतकरी यांच्याकडे बहुधा छऱ्याची बंदूक किंवा यादवी युद्धानंतर स्वस्तात विकली गेलेली जुनी लष्करी बंदूक असे.

लिटल बिगहॉर्नची १८७६ ची लढाई हे याचे बोलके उदाहरण. जनरल कस्टरच्या सैनिकांकडे दर वेळी एकच गोळी भरता येणारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन आणि कोल्ट रिव्हॉल्व्हर होते. समोरच्या लाकोटा व शायान योद्ध्यांपैकी अनेकांकडे धनुष्यबाण होते, पण काहींकडे लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर रायफली होत्या. १९८३ च्या वणव्यात तिथले गवत जळाले आणि त्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी रणभूमीची शास्त्रशुद्ध पाहणी केली. जमिनीत सापडलेल्या काडतुसांवरील खुणांवरून कोणती बंदूक कुठून कुठे सरकली, हे त्यांना शोधता आले. ‘भाले-बाण विरुद्ध आधुनिक बंदुका’ हे पडद्यावरचे सोपे समीकरण त्या मातीतल्या पुंगळ्यांनी मोडीत काढले.

इटलीचा यात काय संबंध?

१९६० च्या दशकात सर्जिओ लिओने यांच्या ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ चित्रपटांनी धमाल उडवली. चित्रीकरण प्रामुख्याने स्पेनमध्ये, दिग्दर्शक इटालियन आणि बंदुकाही बहुतेक इटलीतल्याच. ब्रेशा प्रांतातील गार्दोने व्हाल त्रोम्पिया हे गाव शतकानुशतके बंदुका बनवत आले आहे. बेरेटा कंपनीही तिथलीच. १९६० च्या दशकात अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी साजरी होणार होती आणि हौशी लोकांना जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती हव्या होत्या. ही मागणी ओळखून आल्दो उबेर्ती यांनी १९५९ मध्ये तिथे कारखाना सुरू केला. ‘पिएता’ ही कंपनीही याच पट्ट्यातली. आज वेस्टर्नपटांत दिसणाऱ्या बंदुकांपैकी अनेक इथूनच येतात.

लिओने तपशिलांत रस घेणारे दिग्दर्शक होते, पण त्यांच्याकडूनही विसंगती सुटलेली नाही. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) चे कथानक १८६२ च्या सुमाराचे आहे. क्लिंट ईस्टवुडच्या हाती कोल्टचे १८५१ चे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर आहे, ते काळाला धरूनच. पण ते धातूची काडतुसे वापरता येतील असे बदललेले आहे. हे बदल प्रत्यक्षात १८७० च्या दशकात होऊ लागले.

पडद्याने बंदुकांचा बाजारही बदलला. कोल्टने १९४० मध्ये ‘पीसमेकर’चे उत्पादन थांबवले होते. पुढे दूरचित्रवाणीवर वेस्टर्न मालिकांची लाट आली आणि लोक त्या रिव्हॉल्व्हरची मागणी करू लागले. अखेर कोल्टने १९५६ मध्ये ते पुन्हा बनवायला घेतले.

इतिहासाशी प्रामाणिक चित्रपट कोणते?

ईस्टवुड यांचा ‘अनफरगिव्हन’ (१९९२) या बाबतीत वेगळा ठरतो. त्यातला एक तरुण स्वतःला ‘स्कोफील्ड किड’ म्हणवतो. हे नाव त्याने स्मिथ अँड वेसनच्या स्कोफील्ड रिव्हॉल्व्हरवरून घेतले आहे. हे रिव्हॉल्व्हर मधोमध वाकवून उघडता येते आणि सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात, म्हणजे भरायला ते कोल्टपेक्षा जलद होते. पण चित्रपटाचे खरे बळ वेगळे आहे. त्यात नेम चुकतात, बार फुसका निघतो, हात थरथरतात आणि माणूस मरायला वेळ लागतो. वेगापेक्षा डोके थंड असणे महत्त्वाचे, हे त्यात शेरीफच सांगतो.

‘क्विग्ली डाउन अंडर’ (१९९०) मध्ये १८७४ च्या शार्प्स रायफलीने लांबून साधलेला नेम हाच कथेचा कणा आहे. सॅम पेकिनपा यांच्या ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) मध्ये घोड्यांचा काळ संपून मोटारी आणि स्वयंचलित पिस्तुलांचा काळ येताना दिसतो. मात्र १९१३ च्या या कथेत गाजलेली मशिनगन १९१७ च्या मॉडेलची आहे.

‘रस्ट’च्या सेटवर काय घडले?

न्यू मेक्सिकोतील एका रँचवर २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’ या वेस्टर्नपटाची तयारी सुरू होती. अभिनेते ॲलेक बाल्डविन यांच्या हातात पिएता कंपनीने बनवलेली कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती होती. कॅमेरा कुठे असावा हे ठरत असताना गोळी सुटली. छायालेखिका हलिना हचिन्स (४२) यांचा मृत्यू झाला आणि दिग्दर्शक जोएल सुझा जखमी झाले.

जिवंत काडतूस त्यात आले कसे, हे समजण्यासाठी जुन्या रिव्हॉल्व्हरची रचनाच पाहावी लागते. पिस्तुलाच्या मॅगझिनमधली काडतुसे कॅमेऱ्याला दिसत नाहीत. पण रिव्हॉल्व्हर समोरून दाखवले की सिलिंडरमधल्या गोळ्यांची टोके स्पष्ट दिसतात. कप्पे रिकामे असले किंवा ब्लँक भरलेले असले तर प्रेक्षकाला खोटेपणा कळतो. म्हणून जवळच्या दृश्यांसाठी ‘डमी’ काडतुसे भरतात. त्यांना पुढे खरी गोळी असते, पण आत दारू नसते. ओळख पटावी म्हणून बऱ्याचदा आत बारीक छरे घालतात. हलवल्यावर ते खुळखुळले तर डमी, नाहीतर धोका. बाहेरून पाहता डमी आणि जिवंत काडतूस जवळजवळ सारखेच. ‘रस्ट’च्या सेटवर अशा डमींमध्ये जिवंत काडतुसे मिसळलेली होती. तपासात एकूण सहा जिवंत काडतुसे आढळली. सेटवर एकही असायला नको होते.

शस्त्रांची जबाबदारी असलेल्या हाना गुतिएरेझ-रीड यांना मार्च २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या आरोपात दोषी ठरवण्यात आले आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. सहायक दिग्दर्शक डेव्हिड हॉल्स यांनी निष्काळजीपणाचा आरोप न लढता मान्य केला होता. बाल्डविन यांनी आपण चाप दाबलाच नसल्याचे सांगितले. त्यांच्यावरील खटला पुरावा दडवल्याच्या कारणावरून न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला.

ही पहिलीच घटना नव्हती. ‘द क्रो’च्या चित्रीकरणात १९९३ मध्ये अभिनेते ब्रँडन ली यांचा मृत्यू झाला. तिथे निष्काळजीपणे बनवलेल्या डमीची गोळी नळीतच अडकून राहिली होती. नंतर ब्लँक उडवल्यावर तिच्या जोराने ती बाहेर पडली. म्हणजे धोका फक्त जिवंत काडतुसातच असतो असेही नाही. ‘रस्ट’नंतर ड्वेन जॉन्सन यांच्यासह काही निर्मात्यांनी रबरी बंदुका वापरून बाराची ठिणगी संगणकावर घालण्याचा मार्ग स्वीकारला.

या सगळ्याचा आजच्या कायद्याशी काय संबंध?

‘पश्चिमेत प्रत्येक जण बंदूक बाळगूनच फिरत असे’ ही समजूत चित्रपटांनी पक्की केली. पण अनेक सरहद्दीच्या गावांत शहराच्या हद्दीत शस्त्र बाळगण्यास मनाई होती. कॅन्सासमधील डॉज सिटीच्या १८७० च्या दशकातील छायाचित्रात बंदुका बाळगण्यास सक्त मनाई असल्याची पाटी दिसते. टूमस्टोनमध्येही तसाच नियम होता आणि ओके कोरालची चकमक उडाली तीच मुळी विरोधकांची शस्त्रे काढून घेण्यावरून. विशेष म्हणजे हे सत्य वेस्टर्नपटांतच दडलेले आहे. ‘विंचेस्टर ’७३’मध्ये डॉज सिटीत येणाऱ्यांच्या बंदुका वायट अर्प काढून घेतो. ‘अनफरगिव्हन’मधल्या गावातही बंदूक जमा करण्याचा नियम आहे. प्रेक्षकांच्या लक्षात मात्र गोळीबार राहिला, नियम नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ‘ब्रुएन’ खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल देताना, बंदुकांवरील निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असले पाहिजेत, असे सांगितले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात कोणत्या गावात काय नियम होते, हा प्रश्न आता न्यायालयात पुराव्याचा भाग झाला आहे. पश्चिमेकडील प्रदेशांतले असे कायदे अल्पकाळ टिकले आणि थोड्याच लोकसंख्येला लागू होते, असे म्हणून बहुमताने त्यांना फारसे वजन दिले नाही. अनेक इतिहासकारांना हे मान्य नाही.

म्हणूनच पडद्यावरच्या रायफलीचे मॉडेल १८७३ चे की १८९२ चे, हा वाद हौशी मंडळींपुरता राहिला तरी फारसे बिघडत नाही. त्या बंदुका कोण, कुठे आणि कोणत्या नियमांखाली बाळगत होते, याबद्दलची चूक मात्र महागात पडू शकते. कारण इतिहासाचा दाखला देऊन आजचे कायदे ठरत आहेत आणि सर्वसामान्यांच्या मनातला तो इतिहास बऱ्याच अंशी चित्रपटगृहात घडलेला आहे.